पाच डझनाची पेटी

"तुझा मोबाईल तुला दिवसभर शिव्या देतो का गं?"

हा प्रश्न माझा नव्हता. नम्रतानं आणि तेजस्वीनं मधल्या सुट्टीत पैज लावली होती की वर्गात नवीन आलेल्या अक्षयाला मी हे विचारूच शकणार नाही. विचारलं तर दोघींच्या डब्यातली आंबापोळी आठवडाभर माझी. गॅदरिंगमध्ये सूत्रसंचालन केल्यापासून माझं तोंड असं काही सुटलं होतं की आई म्हणायची, आधी हिला बोलतं करायला नवस बोलले, आता गप्प करायला बोलावा लागेल. तर मी सरळ तिच्या बाकापाशी गेले आणि विचारलं.

अक्षयाला जन्मापासून दिसत नाही. तिनं मान माझ्या आवाजाकडे वळवली. हातातल्या मोबाईलमधून एक बाई इतक्या भरभर काहीतरी बडबडत होती की नळावरचं भांडणच वाटावं.

"शिव्या नाही," अक्षया म्हणाली, "इतिहासाचा तिसरा धडा वाचतोय. पण तुला शिव्या वाटल्या म्हणजे धडा तुला बरोबर कळलाय."

सगळा वर्ग हसला, मीसुद्धा. आंबापोळी मी जिंकले ती चौघींत वाटून खाल्ली, चौथी अक्षया.

त्या बाईला टॉकबॅक म्हणतात हे मला तेव्हा कळलं. पडद्यावर बोट फिरवलं की बोटाखाली जे असेल ते ती वाचते, दोनदा टिचकी मारली की ते निवडलं जातं. अक्षयानं तिचा वेग सगळ्यात वर नेऊन ठेवला होता. मी म्हटलं, अगं जरा हळू कर की, आम्हालाही कळू दे. तर म्हणे, "हळू केला की ती तुझ्यासारखी बोलते. एक गोष्ट सांगायला अर्धा तास." आणि मोबाईलचा पडदा ती काळाच ठेवायची. तिला त्याचा उपयोग नाही आणि बॅटरी वाचते. तिच्या शेजारी बसून मी तो काळा पडदा बघत ऐकायला शिकले. दिवाळीपर्यंत मला त्या बाईचं निम्मं कळायला लागलं, नाताळपर्यंत जवळजवळ सगळं. नम्रता म्हणायची, तुम्ही दोघी मेलेला मोबाईल कानाला लावून बसता, लोक वेड्यात काढतील.

अक्षयाचं गाव लांज्याच्या पुढे आत आहे. तिथली शाळा सातवीपर्यंत. पुढचं एक वर्ष ती दूरच्या अंधशाळेत होती, तिथे पाणी मानवलं नाही म्हणून परत आणली, आणि नववीला रत्नागिरीत सगुणाआत्याकडे ठेवली. सगुणाआत्या म्हणजे तिच्या बाबांची बहीण, मारुती मंदिराच्या मागे दोन खोल्यांत एकटी राहायची. तिनंच अक्षयाला शाळेचा रस्ता शिकवला. कुठे गटाराचं झाकण हलतं, कुठल्या बेकरीचा वास आला की वळायचं, सगळं.

मार्चमध्ये कळलं की आत्याच्या सुनेला दिवस गेलेत आणि आत्या कायमची मुंबईला मुलाकडे जाणार. मग दहावीला अक्षया राहणार कुठे?

"वसतिगृह," अक्षया म्हणाली. "इथल्या संस्थेचं मुलींचं आहे ना, शाळेच्या मागच्या बाजूला. मी तिथल्या बाईंना विचारलं. ऑनलाइन अर्ज करायचा असतो, वेबसाइटवर. एप्रिलमध्ये उघडते."

मी बाकावरून उडालेच. "अगं, ती वेबसाइट माझ्या बाबांनी केलीय. झालंच समज."

माझे बाबा म्हणजे गुरुप्रसाद. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत त्यांचा एक गाळा आहे. पुढच्या भागात दुसऱ्या एकाचं फ्लेक्स छापायचं मशीन, मागच्या भागात बाबा आणि दोन संगणक. रत्नागिरीतल्या कितीतरी वेबसाइट त्या मागच्या भागातून निघाल्यात. पहिली त्यांनी एका आंबा बागायतदाराची केली होती, घरबसल्या हापूस मागवायची. ती अशी चालली की पुढच्या सगळ्या तिच्यावरूनच झाल्या. भाट्याच्या होमस्टेची, दातांच्या डॉक्टरांची, मंगल कार्यालयाची. रंग बदलायचा, फोटो बदलायचे, मजकूर बदलायचा. बाबा म्हणायचे, "साचा एक चांगला हवा. मग सारण काहीही भरा, मोदक मोदकच दिसतो." मला हे वाक्य फार आवडायचं. मी ते वर्गात माझंच म्हणून दोनदा वापरलं होतं.

परीक्षा संपली आणि गंगारामकाका, म्हणजे अक्षयाचे बाबा, गावाहून आले. त्या दिवशी मी आत्याकडेच होते. आत्या डबे वर्तमानपत्रात गुंडाळत होती, काका दाराजवळच्या खुर्चीवर टोपी गुडघ्यावर ठेवून बसले होते. उंच, वाळलेला माणूस. आवाज चढवत नाही, त्यामुळे जास्तच भीती वाटते.

"घरी चल, बाय," ते अक्षयाला म्हणाले. "दहावी बाहेरून दे. पुस्तकं आणून देतंय मी."

"घरी मला कोण शिकवणार? मी होस्टेलात राहीन."

"सगुणा होती म्हणून तुला पाठवली. होस्टेलात कोण हाय आपला? उद्या कोणी कागदावर अंगठा घेतलान, कोणी खोटा सांगितलान, तर तुला काय कळणार?"

"आठ महिने मी एकटी शाळेत जाते."

"सगुणाने शिकवलान म्हणून जातेस."

आत्या डबा गुंडाळता गुंडाळता म्हणाली, "दादा, मी फक्त पहिला महिना गेले हो तिच्याबरोबर. मग तीच मला रस्ता दाखवायला लागली."

काका बराच वेळ टोपीच्या शिवणीवरून अंगठा फिरवत बसले. मग म्हणाले, "बरा. तो फॉर्म भरायचा हाय ना होस्टेलाचा? तू भर. पयल्यापासून शेवटपर्यंत, माज्यासमोर. सगुणा नाय, ही तुजी मैतरीण नाय, कोणाचा बोट लागता नये. भरलास तर ठेवतंय. नाय जमला तर गपगुमान घरी यायचा, परत विषय काढायचा नाय."

"चालेल," अक्षया म्हणाली.

एवढं सोपं मागितलं म्हणून मी तर खूशच झाले. तिनं मोबाईलवर काय काय केलेलं मी पाहिलं होतं. बँकेतलं शिष्यवृत्तीचं खातं तीच बघायची, आत्याची एसटीची तिकिटं तीच काढायची. माझ्या मनात ती जून महिन्यात वसतिगृहाच्या खिडकीत बसलेलीसुद्धा होती.

अर्ज उघडला त्या दिवशी काका पुन्हा आले. आत्याच्या खोलीत आता भांडीसुद्धा उरली नव्हती. पाणी प्यायला एकच तांब्या. अक्षया जमिनीवर भिंतीला टेकून बसली, काका खुर्चीवर, आणि मी दारात.

"तू तोंड बंद ठेवायचा," काका मला म्हणाले.

"ते तिला जमायचं नाही, बाबा," अक्षया म्हणाली.

मी दोन्ही हात तोंडावर ठेवले.

अक्षयानं सुरुवात केली. नेहमीसारखा काळा पडदा, नेहमीसारखी ती भरभर बाई. नाव, वडिलांचं नाव, शाळा, इयत्ता, रक्तगट. तिची बोटं भाजी निवडावी तशी चालली होती. काकांना त्या बाईचं एक अक्षर कळत नव्हतं हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं, पण मुलीची बोटं थांबत नाहीत हे कळत होतं. त्यांनी टोपी गुडघ्यावरून काढून खुर्चीच्या पाठीला अडकवली.

मग ती बाई म्हणाली, "सोय निवडा." अक्षयानं बोट सरकवलं.

"चित्र. एक डझन हापूस, लहान खोका."

पुढे सरकवलं.

"चित्र. दोन डझन हापूस, मध्यम खोका."

पुढे.

"चित्र. पाच डझन हापूस, लाकडी पेटी."

मला हसू फुटलं. आवरलं नाही, हातांच्या मागून बाहेर पडलंच. काकांनी माझ्याकडे पाहिलं. अक्षयानं पाहिलं नाही, पण तिचा अंगठा जागच्या जागी थांबला होता, आणि तो थांबलेला बघून माझं हसू गेलं. तिनं मागे सरकवलं, पुन्हा पुढे. खोका, खोका, पेटी. पुन्हा एकदा. तेच.

"काय झाला?" काका म्हणाले.

"काही नाही."

"थांबलीस."

"विचार करतेय, बाबा. निवडायचं आहे."

मी तोंड उघडलं. अक्षयानं माझ्या बाजूला हाताचा पंजा नुसता वर केला. तिला माझा श्वाससुद्धा ऐकू येतो. तो पंजा बघून मी परत गप्प झाले. आता मी एक शब्द बोलले असते तर अर्ज तिनं एकटीनं भरला असं राहिलं नसतं. आणि पान बिघडलंय म्हणून ती थांबली असती, तरी काकांच्या हिशेबी तेही न जमणंच होतं. आणि पडदा काळा. त्या चित्रांवर खरं काय लिहिलंय हे त्या खोलीत कोणालाच दिसत नव्हतं.

तिनं नंतर जिन्यात मला सांगितलं, तिनं काय विचार केला ते. वसतिगृहात तीन प्रकार असतात हे तिनं तिथल्या बाईंना आधी विचारून ठेवलं होतं. राहणं आणि जेवण, नुसतं राहणं, आणि नुसती अभ्यासिका, म्हणजे दिवसभर बसून संध्याकाळी घरी जायचं. सगळ्यात मोठी सोय म्हणजे सगळ्यात मोठी पेटी असणार. आमच्याकडच्या कोणालाही हेच सुचलं असतं. तिनं पाच डझनाच्या पेटीवर दोनदा टिचकी मारली, मग खालच्या 'पाठवा'वर.

"आपली मागणी नोंदवली आहे. धन्यवाद," ती बाई म्हणाली.

"झालं," अक्षया म्हणाली आणि मोबाईल मांडीवर उलटा ठेवला.

काका उठले. तिच्यासमोर उभे राहिले, काय करावं न कळल्यासारखे, मग तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढला. बाहेरच्या गॅलरीत जाऊन त्यांनी घरी फोन लावला. आम्हाला ऐकू येत होतं. "भरलान. होय, एकटीने भरलान. मी समोर बसलंव होतंव."

जिन्यात अक्षयानं माझा हात धरला. "कुणाला काही बोलू नको," ती म्हणाली. "बरोबरच लागलं असेल."

पण मला कसला धीर. मी मिरजोळ्याची रिक्षा पकडली आणि थेट गाळ्यात शिरले. बाबा आंब्याच्या ऑर्डरींच्या गडबडीत होते. मी सांगितलं तसे पहिल्यांदा तेही हसले, अगदी माझ्यासारखेच. मग वसतिगृहाची साइट उघडली, आतलं काय काय उघडलं, आणि त्यांचं हसणं थांबलं.

"अरे देवा. मागची नावं राहिली."

"म्हणजे?"

"प्रत्येक चित्राच्या मागे एक नाव लिहिलेलं असतं. बघणाऱ्याला ते दिसत नाही. चित्र बदललं, चित्रावरची अक्षरं बदलली, मागचं नाव बदलायचं राहिलं. आंब्याच्या साइटवरचंच राहिलं तिथे." ते खुर्चीत मागे टेकले. "आजवर कोणी बोललं नाही, मनू. कोणाला दिसतच नाही ते."

"ज्यांना दिसत नाही त्यांना तेवढंच ऐकू येतं."

मी पडद्यावर बोट ठेवलं. मोठ्या पेटीच्या जागी वसतिगृहाच्या हिरव्या फाटकाचा फोटो होता आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं, फक्त अभ्यासिका. पहिल्या चित्रावर, लहान खोक्याच्या जागी, निवास व भोजन.

म्हणजे अक्षयानं स्वतःच्या हातानं, एकटीनं, बापासमोर बसून, राहायची जागा नको असं लिहून दिलं होतं.

"परत भरू दे तिला," मी म्हटलं.

"एका मोबाईल नंबरवर एकच अर्ज. त्यांनीच तसं करायला सांगितलं होतं. आलेला अर्ज बदलायचा तर तो त्यांच्या ऑफिसातूनच."

"मग त्यांना फोन करा. आणि ही नावं आत्ताच्या आत्ता नीट करा. माझ्यासमोर."

बाबांनी केलं. मी त्यांच्या खुर्चीमागे उभी राहून एकेक नाव बोलत गेले, ते लिहीत गेले. निवास व भोजन. फक्त निवास. फक्त अभ्यासिका. मग मी माझ्या मोबाईलवर टॉकबॅक सुरू करून सगळं पान ऐकलं. स्वच्छ. अशी काही मी फुशारले की विचारू नका. बाबा म्हणाले, "वसतिगृहाच्या बाईंना मी उद्या सकाळी फोन करतो, तू निघ." मी अक्षयाला निरोप बोलून पाठवला, "घाबरू नको, बाबा सगळं सांगतायत त्यांना, तुझं काम झालं." तिनं उलट एवढंच पाठवलं, "काय सांगतायत?" तेव्हा मी भेळ खात होते. उत्तर नंतर देऊ म्हटलं.

चार-पाच दिवसांनी मी आत्याकडे गेले तर दार उघडं आणि खोली रिकामी. आत्या पायऱ्यांवर पिशव्या मोजत बसली होती. तिची मुंबईची गाडी संध्याकाळची होती.

"अक्षया कुठाय?"

"दादा काल घेऊन गेला तिला," आत्या म्हणाली. "बस जरा."

मी बसले नाही. आत्यानं सांगितलं ते मी उभ्यानंच ऐकलं.

वसतिगृहाच्या बाईंचा गंगारामकाकांना फोन आला होता. फार चांगल्या बोलल्या. म्हणाल्या, तुमच्या मुलीला दिसत नाही त्यामुळे तिच्याकडून चुकीचं बटण दाबलं गेलं, आमच्या वेबसाइटवाल्यांनी आम्हाला कळवलं, काही हरकत नाही, आम्ही निवासाची जागा देतो. फक्त पहिले काही महिने तिच्याबरोबर घरचं कोणीतरी राहिलं तर बरं, अशा लहानसहान चुका होतच राहणार.

काकांनी फोन ठेवला आणि अक्षयाला विचारलं, तू काय दाबलंस?

"तिनं सांगितलं हो सगळं," आत्या म्हणाली. "आंबे, खोके, पेटी. दादा म्हणाला, होस्टेलात आंबे कुठून आले? ती म्हणाली, दाखवते. मोबाईल काढला, वेग कमी केला, त्याला कळावं म्हणून. पान उघडलं आणि बोट फिरवलं."

मला पुढचं ऐकायचं नव्हतं.

"निवास व भोजन, म्हणाली मोबाईलमधली बाई. फक्त निवास. फक्त अभ्यासिका. एकदम शुद्ध. पोर परत परत बोट फिरवत राहिली. दादा रागावला नाही गं. रागावला असता तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाला, चुकलीस त्याचा काय नाय, बाय, पण खोटा कशाला बोललीस? मग होस्टेलला फोन करून नको म्हणून सांगितलं. आणि हिनं मुकाट्यानं कपडे भरले."

आत्यानं डोळ्यांना पदर लावला.

घरी येताना मी अक्षयाला फोन लावला. तीनदा वाजून गेला, चौथ्यांदा उचलला. मागे कोंबड्या आणि कुठेतरी लाकूड फोडल्याचा आवाज.

"अक्षया, ती नावं मीच बदलायला लावली. त्याच दिवशी. मला वाटलं..."

"मला नंतर सुचलं ते," ती म्हणाली. "इथे आल्यावर. त्या वेळी नाही. त्या वेळी मला वाटलं, माझ्याच कानांना काहीतरी झालं. मनू, मी आजवर कानांवर कधी शंका घेतली नव्हती गं. दुसरं आहे काय माझ्याकडे?"

"मी काकांशी बोलते. फोन दे त्यांना."

"फोनवर नको. तू माझी मैत्रीण. तू माझ्यासारखंच बोलणार, असं म्हणतील." परत थोडा वेळ लाकूड फोडल्याचा आवाज. "तुझ्या बाबांनी त्या बाईंना तसं का सांगितलं? मी चुकले असं?"

"विचारते मी त्यांना," मी म्हटलं.

"जागा तर दुसऱ्या मुलीला दिली आज," ती म्हणाली. "बाईंनी मेसेज केला होता. मी विचारलं होतं त्यांना, बाबांना न सांगता. आता काही नाही. पण बाबा माझ्याशी बोलताना आता प्रत्येक गोष्ट आईला विचारून खात्री करतात. गाईला पाणी दाखवलं म्हटलं तरी."

मग कोणीतरी तिला हाक मारली आणि तिनं फोन ठेवला.

बाबा संध्याकाळी लवकर आले. त्या दिवशीच्या ऑर्डरी लवकर संपल्या होत्या. आई पोस्टातल्या नोकरीवरून नुकतीच येऊन कोकमाचं सरबत करत होती. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून विचारलं, "बाबा, तुम्ही वसतिगृहाच्या बाईंना नेमकं काय सांगितलंत?"

त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "काम झालं ना? त्या म्हणाल्या होत्या जागा देतो."

"नेमकं काय?"

"हेच की तिच्याकडून बटण चुकलं. दिसत नाही म्हटल्यावर समजून घेतात माणसं. लगेच हो म्हणाल्या."

"बटण तिचं चुकलं नव्हतं."

"मला माहितीय, मनू." ते आईकडे बघत होते, माझ्याकडे नाही. "त्यांच्या तीन शाळांच्या साइटचं काम ठरतंय. त्यात मी सांगू, मी तुम्हाला आंब्याच्या पेट्या लावलेली साइट दिली? मी म्हटलं, मुलीचंही काम होईल, आपलंही अडणार नाही. कोणाचं नुकसान होतंय त्यात?"

मी सांगितलं कोणाचं. सगळं सांगितलं, गाईच्या पाण्यापर्यंत. सांगताना माझा आवाज एकदाही चढला नाही, आणि माझं मलाच नवल वाटलं. आईनं गॅस बंद केला. बाबा खाली बसले.

"मला काय माहीत तो माणूस असं करेल," बाबा म्हणाले. "मी चांगल्यासाठीच केलं."

"होय."

"आता जागाही गेलीय म्हणतेस. मग उकरून काय मिळणार?"

आई म्हणाली, "त्या बाईंना मी फोन करू का? पुढच्या वर्षासाठी तरी..."

"पुढच्या वर्षी ती कुठल्या शाळेतच नसेल, आई."

बाबांनी हात पुढे केला, मला जवळ बोलवायला, लहानपणी बोलवायचे तसा. मी गेले नाही. मला ते वाईट माणूस वाटत नव्हते, हेच जड जात होतं. वाईट वाटले असते तर मी जोरात ओरडून, दार आपटून मोकळी झाले असते, तेवढं मला आता येतं.

"मी काय ठरवलंय ते सांगते," मी म्हटलं. "उद्या सकाळच्या लांज्याच्या गाडीनं मी अक्षयाच्या गावाला जाणार आहे. गंगारामकाकांसमोर उभी राहून सांगणार आहे की ती चुकली नाही आणि खोटंही बोलली नाही. पेट्या आपण लावल्या होत्या, पुसल्याही आपण, आणि दोष तिच्यावर टाकला तोही आपणच. जागा मिळणार नाही, माहितीय मला. तिथून आल्यावर वसतिगृहाच्या बाईंनाही हेच सांगणार. बाबा, तुम्ही बरोबर आलात तर तुम्ही बोला, मी गप्प बसेन. नाही आलात, तर मी तुमचं नाव घेऊन सांगणार आहे."